डिस्क जाणारच, डेटा नको जायला!

घरी नाहीतर ऑफिसात चार-आठ हार्ड डिस्कचा डबा आणायचा बेत आहे? मग 'सीगेट की डब्ल्यूडी' या भांडणात उतरण्याआधी हे वाचा. फंडा वेगळाच आहे.

वीकएण्डला पुणे-नाशिक हायवे पकडला, की मंचर मागे पडतं, कळंब मागे पडतं आणि नारायणगाव येतं. त्याला अगदी खेटून वारूळवाडी. इथे बहुतेक पुणेकर मिसळीसाठी गाडी थांबवतात आणि मग शिवनेरीकडे, माळशेजकडे सुसाट निघतात. पण नारायणगावातून खोडदचा रस्ता धरलात तर टोमॅटोच्या आणि कांद्याच्या शेतांमधून अचानक एक प्रचंड पांढरी डिश डोकं वर काढते. मग दुसरी. मग तिसरी. ही जीएमआरटी, म्हणजे आपली महाकाय रेडिओ दुर्बीण. एकूण ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ डिश मधल्या साधारण एक चौरस किलोमीटर भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी 'वाय'च्या तीन हातांवर, पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथे शाळांच्या मुलांची जत्राच भरते. आत गेलात की पहिली सूचना: मोबाइल बंद! तुमच्या फोनची कुजबुजसुद्धा या डिशना आकाशातल्या तारकांपेक्षा मोठी ऐकू येते.

आता तुम्ही म्हणाल, हार्ड डिस्कच्या लेखात दुर्बीण कुठून आली? सांगते.

या दुर्बिणीतून फोटो निघत नाही. आकडे निघतात. प्रत्येक दोन डिशची एक जोडी धरली तर ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीची नोंद ठेवावी लागते. ढोबळ हिशेब करू या. समजा २०४८ चॅनेल, दोन पोलरायझेशन आणि दर पावणेतीन सेकंदांनी एक नोंद. एका नोंदीला आठ बाइट लागतात. गुणाकार केला की तासाला जवळपास १९ जीबी होतात. रात्रभर, म्हणजे दहा तास निरीक्षण केलं, तर सुमारे १९० जीबी. आणि हा नेहमीच्या पद्धतीचा हिशेब. पल्सारची वेगवान निरीक्षणं केली तर आकडे याहून कुठच्या कुठे जातात.

बरं, साठवून ठेवून उपयोग काय? तर ऐका. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीनं १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा एक मोठा सर्व्हे केला. साधारण दोन हजार तासांची निरीक्षणं झाली. पुढे काही वर्षांनी, डेटा प्रोसेस करायच्या नव्या पद्धती हातात आल्यावर, संशोधकांच्या एका स्वतंत्र टीमनं तोच जुना डेटा अर्काइव्हमधून काढला आणि नव्यानं चाळला. त्यातून ९० टक्के आकाशाचा नकाशा आणि सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी हाती आली. २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यासाठी एकही डिश नव्यानं वळवावी लागली नाही!

दुसरं उदाहरण तर अजून भारी. २९ जून २०२३ ला जगभरातल्या पल्सार टीम्सनी एकाच वेळी जाहीर केलं, की विश्वात सतत घुमणाऱ्या अतिसंथ गुरुत्वीय लहरींचा पुरावा दिसतोय. त्यातल्या एका निकालात युरोपातल्या दुर्बिणींची २५ वर्षांची निरीक्षणं होती आणि त्याला जोडलेली खोडदच्या डिशची. या लहरींचं एक हेलकावणं पूर्ण व्हायलाच वर्षं लागतात. म्हणजे १९९८ सालची एखादी फाइल मध्येच गायब झाली, तर ती आज पुन्हा 'शूट' करता येत नाही. ती रात्र गेली ती गेली.

'ताई, लगीन परत लावता येतं का?'

हे वाक्य कुण्या शास्त्रज्ञाचं नाही, वारूळवाडीतल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचं आहे. नाव छापू नका म्हणाला, कारण त्याच्या गिऱ्हाइकांना टेन्शन येईल. दोन कॅमेरे, एक ड्रोन, मदतीला मावसभाऊ असा त्याचा कारभार. हळदीपासून वरातीपर्यंतचं फोर-के शूटिंग धरलं तर एका लग्नाचे चार-पाचशे जीबी सहज होतात. सीझनला चाळीस लग्नं म्हणजे वीस टीबी! आणि लोक तीन-तीन वर्षांनी फोन करतात, 'दादा, आजोबा वारले, त्यांचा जेवणावळीतला एखादा क्लिप असेल का हो?'

"त्या टायमाला नाही म्हणायला तोंड उचलत नाही," तो म्हणाला. "म्हणून डबा घ्यायचाय. आठ डिस्कचा. पण कुठल्या डिस्क टाकायच्या? दुकानदार एक सांगतो, पुतण्या दुसरंच सांगतो."

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. कोथरूडमध्ये डिझाइन स्टुडिओ चालवणाऱ्या पोरींचा आहे, बाणेरच्या स्टार्टअपवाल्यांचा आहे, आणि बाळाचे पहिल्या दिवसापासूनचे व्हिडिओ जपून ठेवणाऱ्या आईबाबांचासुद्धा आहे. म्हणून जरा खोलात जाऊ या.

११४ वर्षं टिकणारी डिस्क?

डिस्कच्या डबीवर किंवा माहितीपत्रकात 'एमटीबीएफ १० लाख तास' असं काहीतरी लिहिलेलं असतं. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. वा! पणतूपर्यंत पुरेल की! पण तसं नसतं, बॉस. या आकड्याचा अर्थ असा, की अशा हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर त्यातल्या नऊएक बंद पडतील. एका डिस्कच्या आयुष्याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

आणि ते नऊसुद्धा कागदावरचे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीतल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी एक लाखाच्या आसपास डिस्कचे खरेखुरे रेकॉर्ड तपासले. कंपन्या म्हणत होत्या, वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क जातात. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के डिस्क बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तर त्याहूनही कितीतरी जास्त. शिवाय महागड्या एससीएसआय डिस्क स्वस्त साटा डिस्कपेक्षा जास्त टिकतात, असंही काही त्यांना दिसलं नाही. त्याच वर्षी गुगलच्या इंजिनीअरांनी आपल्या लाखभर डिस्कचा अभ्यास छापला. त्यात एक गंमत होती. डिस्क जितकी थंड तितकी चांगली, हा आपला सगळ्यांचा समज. पण तो आकड्यांत दिसेना. उलट फार थंड ठेवलेल्या डिस्क जास्त गेल्या होत्या. त्रास झाला तो खूप गरम आणि वय झालेल्या डिस्कना. तेव्हा एसीचं बिल वाढवू नका, पण मे महिन्यात डबा बंद कपाटात कोंडूही नका.

सध्याचे आकडे हवे असतील तर बॅकब्लेझ ही कॅलिफोर्नियाची क्लाउड बॅकअप कंपनी आपल्याकडच्या डिस्कचा मृत्यूदर २०१३ पासून मॉडेलवार जाहीर करतेय. आता त्यांच्याकडे तीन लाखांहून जास्त डिस्क आहेत. २०२३ मध्ये सरासरी १.७० टक्के डिस्क गेल्या, २०२४ मध्ये १.५७ टक्के. दीड टक्का म्हणजे किरकोळ, असं वाटतं ना? आता आपल्या फोटोग्राफरच्या आठ डिस्क घ्या आणि पाच वर्षं चालवा. त्यातली निदान एक डिस्क जाण्याची शक्यता ४५ टक्के होते. जवळपास नाणेफेक! म्हणजे 'कधीच न जाणारी डिस्क कुठली' हा प्रश्नच चुकीचा आहे. एक जाणारच आहे असं धरून उरलेल्या सात कशा सांभाळायच्या, हे विचारायचं.

ब्रँड सोडा, मॉडेल धरा

२००० च्या आसपास आयबीएमची 'डेस्कस्टार ७५ जीएक्सपी' ही डिस्क इतकी पटापट जायला लागली, की लोकांनी तिचं नाव 'डेथस्टार' ठेवलं. पुढे आयबीएमनं हा धंदा हिताचीला विकला, आणि त्याच वंशातल्या एचजीएसटीच्या ४ टीबी डिस्क बॅकब्लेझच्या यादीत वर्षानुवर्षं एक टक्क्याच्या खाली राहिल्या. खानदान एकच, पण एक मूल उनाड आणि दुसरं बोर्डात पहिलं! सीगेटचंही तेच. त्यांच्या ३ टीबीच्या एका मॉडेलनं असा काही लोचा केला, की बॅकब्लेझनं २०१२ मध्ये लावलेल्या त्या डिस्कपैकी बहुतेक २०१५ उजाडेपर्यंत काढून टाकाव्या लागल्या. (२०११ च्या थायलंडच्या महापुरानंतर बाजारात डिस्कचा जाम दुष्काळ होता, जे मिळेल ते लोक घेत होते, हेही लक्षात ठेवा.) पण सीगेटचीच ४ टीबी तशी वागली नाही. त्यामुळे 'आमच्या मामाची सीगेट गेली होती, सीगेट घेऊ नकोस' या सल्ल्याला माझ्या लेखी शून्य किंमत आहे. मामाची कुठली, कुठल्या साली घेतलेली, कशी वापरलेली? तसेही आता जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच कंपन्या उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. भांडायचं तरी किती!

नेमका मॉडेल नंबर घ्या आणि त्याचे आकडे बघा. नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल असेल तर आकडेच नसतात, म्हणून मी तरी वर्ष-दोन वर्षं जुनं, लोकांनी वापरून झालेलं मॉडेल घेईन. फॅशनमध्ये मागे पडलात तरी चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी दुकानदार हमखास सांगत नाही: एसएमआर आणि सीएमआर. तुमच्या आजोळच्या घराची मंगलोरी कौलं आठवा. एक कौल दुसऱ्यावर थोडं चढवलेलं असतं. म्हणून कमी जागेत जास्त बसतात. एसएमआर डिस्कमध्ये डेटाचे ट्रॅक असेच एकावर एक चढवलेले असतात. वाचायला काहीच अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं म्हटलं तर? वरची सगळी उचलावी लागतात, बदल करून पुन्हा बसवावी लागतात. डिस्कलाही तेच करावं लागतं. एकटी वापरली, फाइल टाकली आणि ठेवून दिली, तर एसएमआर ठीक आहे. पण अनेक डिस्कच्या डब्यात एक डिस्क गेली आणि नवीवर सगळा डेटा पुन्हा लिहायची वेळ आली, की ती घामाघूम होते. २०२० च्या एप्रिलमध्ये उघडकीला आलं, की वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या काही 'डब्ल्यूडी रेड' डिस्क, ज्या खास अशा डब्यांसाठीच विकल्या जात होत्या, त्या एसएमआर होत्या आणि हे कुठे स्पष्ट लिहिलेलंच नव्हतं. एका चाचणीत जे पुनर्लेखन साध्या डिस्कनं एका दिवसाच्या आत संपवलं, त्याला या डिस्कला नऊ दिवसांहून जास्त लागले. गदारोळ झाला. मग कंपनीनं सीएमआरवाल्या डिस्क 'रेड प्लस' या नावाखाली वेगळ्या काढल्या. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न हाच: ही सीएमआर आहे का? उत्तर 'सगळ्या सेमच असतात हो' असं आलं, तर दुसरं दुकान.

साधी डेस्कटॉपची डिस्क डब्यात का नको? तर तिचा स्वभाव. एखादा भाग वाचता आला नाही, की ती एकटी असल्यासारखी हट्टानं वाचत बसते, कधी कधी मिनिट-मिनिटभर. तोवर डब्याला वाटतं हिनं मान टाकली, आणि तो तिला टीमबाहेर काढतो. नॅससाठी बनवलेली डिस्क साधारण सात सेकंदांत हात वर करते आणि म्हणते, मला नाही जमत, तू दुसरीकडून घे. शिवाय कामाच्या बोज्याचा फरक आहे. साधारणपणे डेस्कटॉपची डिस्क वर्षाला ५५ टीबीच्या वापरासाठी बनवलेली असते, नॅसची १८० टीबीसाठी आणि एंटरप्राइजची ५५० टीबीसाठी. वॉरंटीही तशीच चढत जाते: दोन, तीन, पाच वर्षं.

आणि थरथर! एका डब्यात आठ डिस्क मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात तेव्हा एकीची कंपनं दुसरीला जातात. चांगल्या डिस्कमध्ये ती ओळखून स्वतःला सावरणारे सेन्सर असतात. हे खरं वाटत नसेल तर २००८ च्या अखेरचा ब्रेंडन ग्रेगचा व्हिडिओ शोधून बघा. सन मायक्रोसिस्टिम्सचा हा इंजिनीअर चालू डिस्कच्या कपाटासमोर चक्क बोंब मारतो, आणि स्क्रीनवर डिस्कचा वेग अडखळलेला दिसतो. नारायणगाव म्हणजे तर तमाशाची पंढरी. तेव्हा सर्व्हर ढोलकीच्या शेजारी नको!

सातवर किती भरवसा?

डबा आणला की 'रेड' करायचं असतं. हे 'रेड' म्हणजे आरएआयडी, त्या लाल लेबलाशी याचा काही संबंध नाही. रेड-५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो, रेड-६ मध्ये दोन गेल्या तरी. दुकानदार रेड-५ सुचवतो, कारण जागा जास्त मिळते. पण हिशेब बघा. १६ टीबीची एक डिस्क गेली, नवी घातली. सेकंदाला २०० एमबी या वेगानं ती भरायला कमीत कमी २२ तास लागतात, आणि डबा तेव्हा कामातही असेल तर याहून कितीतरी जास्त. या सगळ्या वेळात उरलेल्या सातही डिस्क कोपरान् कोपरा वाचल्या जातात. त्यातली एक जरी अडखळली, तर रेड-५ कडे दुसरा आधार नसतो. त्यात तुम्ही आठही डिस्क एकाच दुकानातून, एकाच लॉटमधून आणल्या असतील तर त्यांचं वय आणि दुखणी दोन्ही सारखी. एक गेली की दुसरीचा नंबर लागायला वेळ लागत नाही. माझं मत स्पष्ट आहे: आठ डिस्क म्हणजे रेड-६ किंवा त्याच्या जातीचं काहीतरी. दोन डिस्कची जागा गेली म्हणून हळहळू नका. आणि चार इथून, चार तिथून अशा वेगवेगळ्या लॉटच्या घ्या. एक फाजील डिस्क आधीच घेऊन कपाटात ठेवलीत तर उत्तमच, कारण शनिवारी रात्री डिस्क गेली की तपकीर गल्ली उघडी नसते.

डिस्क घरी आली, की लगेच लग्नाचा डेटा ओतू नका. आधी तिला तालमीत उतरवा. प्रत्येक डिस्कमध्ये 'स्मार्ट' नावाची तब्येतीची डायरी असते. (योगायोग बघा, गोविंद स्वरूप यांनी खोडदच्या डिशसाठी जाळी आणि दोरांची जी हलकी, स्वस्त रचना काढली, तिचंही नाव 'स्मार्ट'च!) तिची लांब चाचणी चालवा, पूर्ण डिस्क एकदा लिहून आणि वाचून बघा. दोन-तीन दिवस जातात, जाऊ देत. मग डायरीतल्या नोंद क्रमांक ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ कडे बघा. यांचे कच्चे आकडे शून्य असावेत. गुगलच्या अभ्यासात पहिली स्कॅन एरर आल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली होती. पण डायरी कोरी म्हणजे तब्येत ठणठणीत, असंही समजू नका. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कनी मुख्य चार नोंदींमध्ये कसलीही कुरबुर केली नव्हती.

स्वस्तात मिळतेय म्हणून 'रिफर्बिश्ड' घ्यावी का? माहीत असून घेतलीत तर हरकत नाही, चोरून गळ्यात पडू नये. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या डेटा सेंटरमध्ये वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. विकणाऱ्यांनी 'स्मार्ट' डायरीतले तास पुसून शून्य केले होते. सीगेटच्या डिस्कमध्ये 'फार्म' नावाची आणखी एक नोंदवही असते, तिथे खरे तास सापडले. म्हणून सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधी संपते आणि भारतात लागू आहे का, ते काउंटरवरच बघा. लॅमिंग्टन रोड असो नाहीतर ऑनलाइन सेल, नियम एकच. मागे मला एका ऑनलाइन दुकानातून डिस्क आली ती साध्या कागदी पाकिटात, बबल रॅपची एक घडी तेवढी गुंडाळून. उघडलीसुद्धा नाही, तशीच परत पाठवली.

आणि यूपीएस. गावाकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि लिहिता लिहिता लाइट गेली तर चांगल्यातल्या चांगल्या डिस्कवरचा डेटाही अर्धवट राहू शकतो. नुसता यूपीएस ठेवून भागत नाही. बॅटरी संपत आली की डब्यानं स्वतःहून नीट बंद व्हायला हवं, म्हणून त्याची यूएसबी वायर डब्याला जोडा. ही वायर बहुतेकांकडे खोक्यातच पडून असते.

पानशेत आठवतंय?

आपल्याला नाही, पण घरातल्या मोठ्यांना विचारा. १२ जुलै १९६१. धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. पुण्यातल्या कितीतरी घरांत जुना फोटो मागितला की अजूनही उत्तर येतं, 'पानशेतमध्ये गेला.' त्या पाण्यानं फोटो किती मजबूत अल्बममध्ये लावलाय ते बघितलं नाही. डब्याचंही तसंच आहे. रेड-६ डिस्क गेल्यावर वाचवतं. चोरी, आग, व्हायरस किंवा 'अरे मी चुकून डिलीट मारलं' यातलं काहीही झालं तर वाचवत नाही. त्यासाठी दुसरी प्रत हवी, आणि ती दुसऱ्या घरात हवी. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दूर. हा ३-२-१ चा फंडा पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं रूढ केला. फोटोग्राफरनंच, हे विशेष.

वारूळवाडीच्या दादांशी मी हे सगळं बोलले, तेव्हा त्यांनी बिलाच्या पाठीमागे आकडेमोड केली. आठ डिस्कचा बेत सहावर आला: सहा सीएमआर, नॅसच्या, दोन दुकानांतून तीन-तीन, रेड-६. उरलेल्या पैशांत दोन मोठ्या सुट्ट्या डिस्क. एक कायम घरी डब्याजवळ, दुसरी चाकणला बहिणीकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघींची अदलाबदल.

"बहिणीला सांगितलंय," ते म्हणाले, "टीव्हीवर ठेवू नको, गरम होते. साड्यांच्या कपाटात ठेव."